कॅनव्हासची वळकटी

माझ्या हाताला शिवणाची सवय आहे, पण ती ब्लाउजची, अभ्र्यांची, फार तर पडद्यांची. ट्रकवर घालतात तसलं जाड कॅनव्हास मी पहिल्यांदा शिवलं ते चार हिवाळ्यांपूर्वी, एक्कावन्नाव्या वर्षी, आणि तेही स्वतःसाठी. ‘स्वतःसाठी’ हा शब्द लिहिताना अजूनही हात जरा अडखळतो, आणि हात अडखळला की मला त्या हाताचाच राग येतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. घरात मी नवऱ्याला ‘अहो’ म्हणते, त्याच्याशी ‘तुमी’ म्हणूनच बोलते. इथे मात्र मी ‘नवरा’ आणि ‘तो’ असंच लिहिणार आहे. कागदावर तरी.

आम्ही दुर्गजवळ कोहक्याला राहतो. सकाळी तळ्याकडच्या रस्त्याने आम्ही पाच-सहा बायका फिरायला जात असू. आमची म्होरकी होती शाळेत ड्रिल शिकवून निवृत्त झालेली एक बाई. मरोद्याहून इकडे राहायला आलेली, आवाज असा की दोन गल्ल्यांपलीकडची मुलंही सरळ उभी राहावीत. आम्ही तिला ड्रिलबाईच म्हणायचो. एका सकाळी ती म्हणाली, “हे काय रोज गोल गोल फिरून राहिलो आपण? डिसेंबरात दोन दिवस धरणावर जाऊ. तांदुल्याच्या काठाले झोपू. नवरे नाई, पोरं नाई, स्वयंपाक बी पाळीपाळीनं.”

सगळ्या हसल्या. मी हसले नाही, मी लगेच हो म्हणाले. इतक्या लगेच की ड्रिलबाईने माझ्याकडे वळून पाहिलं.

पांघरूण-अंथरूण ज्याचं त्याने आणायचं होतं. दुकानातल्या झोपायच्या पिशव्यांच्या किमती ऐकून दोघी तिथल्या तिथे गळाल्या. तेव्हा ड्रिलबाईने रस्त्याकडेच्या मातीत काडीने चित्र काढून दाखवलं. एक लांबलचक कॅनव्हास घ्यायचं, निम्मं अंगाखाली, निम्मं अंगावर. आत जाड कांबळं. पायाकडे घडी, म्हणजे तिकडून बंद, डोक्याकडे एक झाप, दव पडलं तर तोंडावर ओढून घ्यायला. सकाळी गुंडाळायचं, दोन पट्ट्यांनी आवळायचं, झाली वळकटी. “रुंद ठेवा मात्र,” ती म्हणाली, “कूस बदलता आली पायजे, पाय पोटाशी घेता आले पायजेत.” हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं.

आता मी एवढी उतावीळ का झाले होते ते सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की बाईला निसर्गाचं वेड असेल. मला निसर्गाचं काही वेड नाही. डास चावलेले मला आवडत नाहीत आणि धरणात पाणी असतं एवढंच मला धरणाबद्दल माहीत होतं. मला हवी होती ती जागा. झोपायची जागा, जी दोन दिवस कोणी आलं म्हणून मला सोडावी लागणार नाही.

नवरा मालगाडीवर लोको पायलट, म्हणजे इंजिन चालवणारा, होता. ज्यांच्या घरात गाडीवरचा माणूस असतो त्यांना पुढचं सांगायची गरज नाही, बाकीच्यांसाठी सांगते. त्याच्या येण्याला वेळ नाही आणि जाण्यालाही नाही. पहाटे चारला येईल, दुपारी दीडला येईल. आला की जेवेल आणि झोपेल, आणि ती झोप म्हणजे देवघरातला नंदादीप, सगळ्या घराने जपायची. झोप नीट झाली नाही तर सिग्नल चुकेल, ही धमकी कोणी दिली नाही तरी ती घरात टांगलेली असते. म्हणून सत्तावीस वर्षं मी तो घरात असताना कुकर लावला नाही, वरण उघड्या पातेल्यात शिजवलं. दाराची घंटा काढून टाकली होती. चटणी वाटायला मी शेजारच्या घरी मिक्सर घेऊन जायची. फाटकाला मुलीची जुनी पाटी अडकवलेली असायची, त्यावर खडूने लिहिलेलं, ‘गाडीवरून आले आहेत’. ती वाचून दूधवालासुद्धा चपला काढल्यासारखा चालायचा. मुलगी चालायला शिकली तीच चवड्यांवर. आज ती नोकरीसाठी पुण्यात असते आणि तिच्या घरात कायम काहीतरी वाजत असतं. मला ते समजतं.

खोली एकच नीट अंधार होणारी, पलंग एकच. तो आला की मी उठायची. कधी बैठकीतल्या दिवाणावर, कधी मुलीच्या पायथ्याशी, उन्हाळ्यात स्वयंपाकघरात फरशीवर. तो गेला की परत पलंगावर, पण चादरीत त्याच्या डिझेलचा आणि तेलाचा वास, आणि कान फोनकडे, कारण तो परत कधी येईल त्याचा भरवसा नाही. मी कधी कोणाला तक्रार केली नाही. माझ्या माहेरी, तुमसरकडे, वडीलही रेल्वेतच होते, लाइनवर. असंच असतं असं आईने मला शिकवलं आणि मी शिकले. हुशार होते मी, लवकर शिकले.

तर कॅनव्हास. दुर्गला ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्याच्या दुकानात मी गेले. नवीन कापड घ्यायला मी काही शेठाणी नव्हते. कोपऱ्यात कापून उरलेले तुकडे पडले होते, त्यातला एक लांब तुकडा मिळाला. एका कडेला तेलाचा डाग, बाकी चांगला, खाकी, हाताला खरखरीत. तो माणूस म्हणाला, “भाभी, क्या ढकना है?” मी म्हटलं, “मुझे.” त्याने कापड गुंडाळून सुतळीने बांधून दिलं.

घरच्या मशीनवर दोन सुया मोडल्यावर मी मशीन बाजूला सारलं आणि पोती शिवायचं दाभण काढलं. जाड दोरा मेणबत्तीवर घासून घासून मऊ केला, म्हणजे तो कापडातून सरकतो आणि शिवणीतून पाणीही झिरपत नाही. पट्ट्यांसाठी जुन्या खाटेची नवार होती. पट्टे ओवायचे पितळी छल्ले मोच्याकडून ठोकून आणले. पाणी शिरू नये म्हणून मेण आणि जवसाचं तेल एकत्र गरम करून पोतेऱ्याने कापडावर चोळलं, वरून इस्त्री फिरवली, म्हणजे ते धाग्यांत उतरतं. घरभर जवसाचा वास झाला, माझ्या माहेरच्या माळ्यासारखा. बरेच दिवस तो माझ्या हातांना येत होता आणि मी मुद्दाम हात नाकाशी नेऊन तो घेत होते.

शिवायला बसले ती पहिली संध्याकाळ. नवरा झोपून उठला, तोंड धुऊन बैठकीत आला आणि जमिनीवर पसरलेलं कापड पाहून थांबला.

“हे काय करून राहिली?”

“अंथरूण शिवून राहिली. धरणावर चाललो आमी बाया, तांदुल्याले. शुक्रवारी दुपारी निघू, रविवारी वापस. बाहेरच झोपाचं हाय.”

“जाय न,” तो म्हणाला. “मस्त हाय तिकडे.” आणि माझ्यासमोर मांडी घालून बसला. मला आश्चर्य वाटलं, कारण या माणसाने कधी बटणही लावलेलं मी पाहिलं नव्हतं. पण त्याने दाभण उचललं आणि मला दाखवलं की एकदा पुढून एकदा मागून असा टाका घेतला की ताण सारखा बसतो. नोकरीच्या सुरुवातीला एका म्हाताऱ्या गार्डकडून तो हे शिकला होता. मला हे सत्तावीस वर्षांत माहीत नव्हतं.

“रुंदी किती ठेवू?” मी विचारलं.

“सहा बाय दोन,” तो विचार न करता म्हणाला. “बर्थचं माप. अख्खा देश झोपते त्याच्यावर, तुले कावून नाई पुरणार?”

आणि मी सहा बाय दोन कापलं. ड्रिलबाईचं चित्र माझ्या डोळ्यांसमोर होतं, कानात तिचे शब्दही होते, तरी मला ते माप अगदी बरोबर वाटलं. घराबाहेर मी आयुष्यात कुठे झोपले असेन तर गाडीतच. माहेरी पासावर जाताना, नंतर सासरच्या लग्नकार्यांना. बाहेर झोपायचं म्हणजे दोन फूट, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला उघडं. म्हणून आम्ही दोघांनी मिळून ती वळकटी एका बाजूने शिवून टाकली आणि एकाच बाजूने उघडी ठेवली. दुसरीकडे भिंत येणार ना! डोक्याशी पर्स ठेवायला आतून खिसा केला. आणि एवढ्यावर न थांबता कोपऱ्यात एक लोखंडी कडी शिवली, साखळी अडकवून कुलूप लावायला. धरणाच्या काठावर मी साखळी कशाला अडकवणार होते, हे आम्हा दोन शहाण्यांपैकी एकालाही सुचलं नाही.

तीन संध्याकाळी आम्ही शिवलं. त्याला तेव्हा लागून विश्रांती मिळाली होती. एका टोकाला तो, एका टोकाला मी, मधे कॅनव्हास. रनिंग रूममध्ये, म्हणजे गाडीवरचे लोक मुक्कामाला जिथे झोपतात तिथे, कोण कसा घोरतो त्याची त्याने नक्कल करून दाखवली. मी इतकी हसले की दाभण बोटात शिरलं. त्याने ते बोट स्वतःच्या रुमालाने दाबून धरलं. आत घालायला माझ्याकडे एक जुनी चादर होती, ती पाहून तो म्हणाला, “याच्यानं काय होते? धरणावर भल्ली थंडी राहते. माह्यं कांबळं टाक आत.” ते कांबळं तो ड्यूटीवर नेत असे. दुसऱ्याचं पांघरूण त्याला चालत नसे. मी म्हटलं, “मग तुमी?” तर म्हणाला, “मी घेतो न नवीन.” आम्ही ते कांबळं आत चारी बाजूंनी टाचून टाकलं, सरकू नये म्हणून. त्या संध्याकाळी मला तो फार आवडला होता. हे लिहून ठेवते, नाहीतर मी सगळंच कडू लिहीन.

पूर्ण झाल्यावर ड्रिलबाई पाहायला आली. वळकटी सोडून तिने जमिनीवर पसरली, कमरेवर हात ठेवून पाहिलं आणि म्हणाली, “हे काय बाई, पोस्टाचं पाकीट बनवलं तू. याच्यात कूस कशी बदलशील?”

“मी बदलतच नाई,” मी म्हटलं.

ती माझ्याकडे पाहत राहिली. मी सहज बोलले होते आणि ते खरंही होतं. दिवाणावर, पायथ्याशी, फरशीवर, मी एका कुशीवर झोपते आणि त्याच कुशीवर उठते. पण स्वतःच्या तोंडून ते मी पहिल्यांदाच ऐकलं. ड्रिलबाई म्हणाली, “बाजूनं एक पट्टी जोड. दोन तासांचं काम हाय.” मी दुर्गला परत गेले, पट्टी आणली. दुसऱ्या दिवशी शिवण उसवायला बसले तर नवरा म्हणाला, “कावून उसवून राहिली? बरोबर तर हाय माप.” मी कात्री ठेवून दिली. त्याने काही धाक दाखवला नव्हता, पेपर वाचता वाचता बोलला होता. पट्टी अजून माझ्या कपाटात आहे.

त्या वळकटीत मी एकदाच झोपले. जायच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, दुपारी गच्चीवर. डिसेंबरचं ऊन होतं, कापडं वाळत होती. मी वळकटी पसरली, आत शिरले आणि झाप तोंडावर ओढून घेतला. कांबळ्याची ऊब, जवसाचा वास, कापडाच्या विणीतून येणारा पिवळसर उजेड. कुणी उठवणार नव्हतं, कारण मी कुठे आहे हे कुणाला माहीतच नव्हतं. अर्धा तास असेल फार तर. मला अशी झोप लहानपणानंतर लागली नव्हती. उठले तेव्हा गालावर शिवणीचे टाके उमटले होते आणि मी आरशात पाहून एकटीच हसले.

शुक्रवारी सकाळी अकराला वळकटी दाराशी बांधून तयार होती, शेजारी माझी पिशवी. जीप दोनला येणार होती. नवरा आदल्या संध्याकाळीच आला होता, त्याला उद्याशिवाय ड्यूटी नव्हती, त्याचं दोन दिवसांचं जेवण मी करून झाकून ठेवलं होतं. आणि त्याला कॉल आला. गोंदियाकडे गाडी, दोन तासांत हजर.

कॉल आला की माझ्या घरात काय होतं ते मला शब्दांत नीट सांगता येणार नाही. माझं डोकं बाजूला होतं आणि हात कामाला लागतात. पोळ्या, कोरडी भाजी, लोणचं, पाण्याच्या दोन बाटल्या, टॉर्च, हिरवा आणि लाल झेंडा, टॉवेल, गोळ्या, सगळं वीस मिनिटांत पिशवीत. त्याला काही मागावं लागत नाही, त्याला काही आठवावं लागत नाही. रेल्वेतल्या बायका एकमेकींना यावरून जोखतात. माझ्याबद्दल म्हणत असत, हिच्या नवऱ्याची पिशवी कधी उणी नसते.

तो गणवेश घालून बाहेर आला, स्कूटर काढली, पिशवी पायांत ठेवली आणि मागे पाहून म्हणाला, “माह्यं कांबळं कुठं हाय?”

एवढंच. त्याने वळकटी मागितली नाही. तो नुसता विचारत होता. नवीन कांबळं आणायचं राहूनच गेलं होतं. घरात एक रजाई होती, जड, पण नेता आली असती, मागच्या सीटवर बांधून. ‘कांबळं आत शिवलं हाय, आज रजाई न्या,’ असं म्हणायला किती वेळ लागतो? मी दाराशी गेले, वळकटी उचलली, बाहेर आणली आणि त्याच्या स्कूटरच्या मागच्या सीटवर ठेवून नवारीच्या पट्ट्यांनी घट्ट बांधली. हलवून पाहिली, सैल नाही ना म्हणून. तो म्हणाला, “मस्त.” आणि गेला.

फाटक लावताना मला कळलं मी काय केलं ते. तोवर स्कूटर वळणावरून गेली होती. फोन करता आला असता. मी केला नाही.

रजाई घेऊनही मी जाऊ शकले असते, हे मला माहीत आहे. दोन वाजायला दोन तास होते. पण मी पायरीवर बसून राहिले. मला इतका संताप आला होता, आणि तो कोणावर काढायचा ते कळत नव्हतं. दीड वाजता ड्रिलबाईला फोन करून सांगितलं की पाहुणे आले आहेत. ती म्हणाली, “कोण पाहुणे?” मी म्हटलं, “नागपूरचे.” ती म्हणाली, “बरं.” तिला कळलं असावं. माझी पिशवी मी आत नेऊन रिकामी केली. नवऱ्याचं झाकून ठेवलेलं जेवण दोन दिवस मीच खाल्लं.

रविवारी फोनवर त्यांचे फोटो आले. काठावर ओळीने अंथरुणं, चहाचं पातेलं, ड्रिलबाई टोपी घालून. एका फोटोत दोन अंथरुणांच्या मधे एक जागा मोकळी दिसली. ती माझ्यासाठी ठेवली होती असं मी समजले, तसं कदाचित काही नसेलही.

त्याच दिवशी तो परत आला. “काय झोप लागली बाप्पा,” म्हणाला. “रनिंग रूमच्या खाटेवर बरोबर बसते. सगळे विचारून राहिले होते, कुठून घेतली.” मी पोळ्या लाटत होते. मी वाट पाहत होते की तो आता म्हणेल, ‘अरे, पण तू तर जाणार होती.’ त्याने भात वाढून घेतला. सोमवारी म्हणेल, मंगळवारी म्हणेल. त्याच्या मनात मी घरात असते, आणि घरात होतेच, मग त्यात विचारण्यासारखं काय होतं! मी मनाशी गाठ मारली की तो विचारेपर्यंत मी बोलणार नाही. हा माझा हट्ट, आणि तो मी चार हिवाळे चालवला. असल्या हट्टात मी पहिल्यापासून पक्की आहे.

दर वर्षी पावसाळा संपला की मी त्या कॅनव्हासला पुन्हा मेण लावत होते. एक पट्टा झिजला तो बदलला. आतलं कांबळं उसवून धुतलं, परत टाचलं. ड्यूटीवरून आला की वळकटी गच्चीवर उन्हात टाकायची, झटकायची, गुंडाळायची, दाराशी ठेवायची. त्याचा वास आता तिला होता. बायका दर डिसेंबरात धरणावर गेल्या. एका वर्षी मी सांगितलं गुडघे दुखतात, एका वर्षी मुलगी येणार आहे, तिसऱ्या वर्षी कोणी विचारलंच नाही. ड्रिलबाई फिरायला भेटली की हवापाण्याचं बोलते.

यंदा तो निवृत्त झाला. दुसऱ्या रविवारी त्याच्या बरोबरच्या चौघांना त्याने बायकांसह दुपारी जेवायला बोलावलं. मी वडाभात केला, पुरणपोळ्या केल्या. जेवणं झाल्यावर गोष्टी निघाल्या, कोणाची गाडी कुठे किती तास उभी राहिली त्याच्या, आणि तो उठून आत गेला. वळकटी घेऊन आला. बैठकीत मधोमध पट्टे सोडून पसरली.

“हे पाहा. आमच्या हिनं बनवून देली मले, स्वतःच्या हातानं. अशी बाजारात भेटत नाई. खिसा पाहा. साखळीसाठी कडी पाहा. किती विचार केला असन हिनं.” त्याचा आवाज जरा भरून आला होता. तो खोटं बोलत नव्हता. त्याला तसंच आठवत होतं.

सगळ्यांनी हात लावून पाहिलं. एक बाई मला म्हणाली, “नशीब लागते अशी बायको भेटाले.” मी पुरणपोळीवर तूप वाढत होते, धार जरा जास्त पडली.

लोक गेल्यावर मी मोरीपाशी भांडी घासायला बसले. संध्याकाळ व्हायची होती अजून. तो उष्टी ताटं आणून देत होता. निवृत्त झाल्यापासून तो अशी लहानसहान मदत करतो, आणि मला ती आवडते, हेही खरं आहे. मी मान वर न करता म्हटलं, “ती वळकटी मी तुमच्यासाठी नोती बनवली.”

“मंग कोणासाठी?”

“माह्यासाठी. धरणावर जाचं होतं मले, बायांसंग.”

तो ताट हातात धरून उभा राहिला. मला वाटलं चिडेल, किंवा हसून नेईल. पण तो खरोखर आठवत होता. कपाळाला आठ्या घालून, प्रामाणिकपणे. मला दिसत होतं की तो शोधतो आहे आणि तिथे काही नाही.

“मंग गेली कावून नाई?”

“तुमाले कॉल आला. कांबळं आत होतं. मीच बांधून देली तुमच्या गाडीले.”

त्याने ताटातलं उष्टं एका कडेला सारलं. मग ताट खाली ठेवलं आणि म्हणाला, “मंग सांगाचं न तवा. मी काय अडवलं असतं तुले?”

या वाक्याची मी चार वर्षं तयारी केली होती असं नाही, पण त्याच्या जागी मी पुष्कळ वाक्यं कल्पून ठेवली होती आणि प्रत्येकाला उत्तर तयार होतं. त्याने अडवलं असतं तर मी भांडले असते. मी भांडकुदळ म्हणून कोहक्यात प्रसिद्ध आहे, पाण्याच्या टँकरवरून मी नगरसेवकाच्या घरापर्यंत जाऊन भांडले आहे. नवऱ्याने वळकटी हिसकावली असती, नको जाऊ म्हटलं असतं, तर आज मला सांगायला एक गोष्ट असती, ज्यात मी कुठे उभी होते ते स्पष्ट दिसलं असतं. त्याने फक्त कांबळं कुठे आहे ते विचारलं होतं. इतक्या वर्षांत त्याने मला पलंगावरून ऊठ असंही कधी म्हटलं नव्हतं. फाटकाचा आवाज आला की मीच उठत होते.

तो माझ्या उत्तरासाठी थांबला होता. चेहऱ्यावर थोडी भीती होती, जी मी त्याच्या चेहऱ्यावर क्वचितच पाहिली आहे. मी नळ बंद केला.

“नाई,” मी म्हटलं. “तुमी नसतं अडवलं.”

तो हलका झाला. माझ्या खांद्यावर हात ठेवून, उरलेली ताटं आणायला आत गेला. त्याला वाटलं मी त्याला माफ केलं. मला एवढंच खटकत राहिलं की मी जे बोलले ते खरं होतं.